पस्तीस दिवसांचं टाळं

अमेरिकेत १९८० पर्यंत बजेट रखडलं तरी कचेऱ्या चालूच राहायच्या. मग अॅटर्नी जनरल सिव्हिलेटींनी जुना कायदा काटेकोर वाचला: मंजुरी नाही, तर काम नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये ट्रम्पना मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवे होते. डेमोक्रॅट देईनात. सुमारे ८ लाख कर्मचाऱ्यांचा पगार थांबला. सरकारी वेबसाइटांची सर्टिफिकेटं एक्स्पायर व्हायला लागली. मी सॉफ्टवेअरवाला, मला आधी तेच दिसलं. २५ जानेवारीला एअर ट्रॅफिक कंट्रोलर कमी पडले, न्यूयॉर्कची विमानं खोळंबली आणि त्याच दिवशी टाळं निघालं. फेब्रुवारीत काँग्रेसनं १.३७५ अब्ज दिले. ट्रम्पनी आणीबाणी लावून संरक्षण खात्याकडचे पैसे वळवले.

कर्मचाऱ्यांना थकलेला पगार मिळाला. त्यांच्या कचेऱ्या झाडणाऱ्या कंत्राटी कामगारांना नाही.