शिदोरीत काय होतं?

माझं शिक्षण चौथी. इतिहास लिहिण्याचा माझा अधिकार नाही, पण दिंडीच्या शंभरीच्या या ग्रंथात एक चूक कबूल करायची आहे.

वीस-बावीस वर्षं मी कीर्तनात ज्ञानोबामाउलींच्या काळचा वारकरी रंगवायचो. वडाखाली बसला, शिदोरी सोडली, भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, हिरवी मिरची. मंडळी माना डोलवायची. एकदा मुक्कामाला कॉलेजातलं एक पोरगं पाया पडून हळूच म्हणालं, "महाराज, तेव्हा आपल्याकडे मिरची नव्हती." मला राग आला. मग जाणत्या मास्तरांना विचारलं, तर पोरगं खरं! माउलींची समाधी १२९६ सालची. फिरंग्यांनी गोवा घेतला १५१० साली. मिरची, मका, भुईमूग मूळचे अमेरिकेतले, ते त्यांच्या जहाजांतून त्यानंतर आले. बटाटाही तिकडचाच, आणि साबुदाण्याचा कंदसुद्धा. म्हणजे आपली एकादशीची खिचडी नामदेवरायांनी पाहिलेलीच नाही. तंबाखूही मागाहूनचीच, मळणाऱ्यांनी ऐकावं.

मग होतं काय? जोंधळा, बाजरी, नाचणी, डोंगराकडे वरी. हुलगा, तूर, उडीद. तीळ, जवस, कारळ्याची चटणी. तिखटाला मिरी, पण ती मलबाराकडून यायची, गरिबाला कुठली परवडायला? मीठसुद्धा कोकणातून घाट चढून बैलाच्या पाठीवर यायचं. खळ्यावर रास झाली की सरकारचा वाटा, पाटील-कुलकर्ण्यांचा हक्क, सुतार-लोहार-कुंभारांचं बलुतं. उरलं ते कुणब्याचं. ते नाही पुरलं तर उसने दाणे आणि त्याचं खत.

तुकोबांचं घर असं देणाऱ्यांतलं. १६३० ला पाऊस गेला आणि दोन वर्षं दुष्काळ पडला. त्यात थोरल्या रखुमाबाई अन्नावाचून गेल्या. दुकानदाराच्या घरी असं कसं, हे मला पूर्वी कळत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची आणि आम्ही लाल मिलो खाऊन जगलो. तो परदेशातून आला, पण आगगाडीनं, ट्रकनं गावापर्यंत पोचला. तुकोबांच्या काळी धान्य वंजाऱ्यांच्या बैलांवरच यायचं. वाटेत चारा नाही, पाणी नाही, तर बैल चालणार कसा? दुसऱ्या मुलखात पिकलं असलं तरी ते देहूला पोचायचं कसं?

पुढे तुकोबांनी भावाच्या वाटणीची खतं भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली, असं महिपतीबुवा सांगतात. त्या खतांवर कुणाची नावं होती, ते कुणी लिहून ठेवलं नाही. असतील आपल्यासारखेच, कुणबी, बलुतेदार. माझ्या वडिलांचाही अंगठा एका कागदावर होता, तो कागद मात्र कुणी बुडवला नाही.

आता कीर्तनात वडाखाली मी त्या खतांवरच्याच माणसाला बसवतो. भाकरी जोंधळ्याची, चटणी कारळ्याची.