उरेब : पॅरिसचा पोशाख आणि इतवाऱ्यातलं दुकान

लातूरला बोलावलंत, आभार.

आयोजकांनी मला फोनवर सांगितलं की इथल्या विद्यार्थ्यांनी एक आव्हान घेतलंय. एखाद्या मोठ्या डिझायनरचं काम अभ्यासायचं आणि त्यावरून स्वतःचा एक प्रायोगिक ड्रेस शिवायचा. बऱ्याच जणांनी फ्रान्सची मादलेन व्हिओने निवडली आहे म्हणे. मी इतिहासाचा माणूस, फॅशनमधलं मला फार कळत नाही. पण माझं लहानपण नांदेडच्या इतवाऱ्यात, शिलाईच्या दुकानात चिंध्या गोळा करण्यात गेलं. म्हणून आज एका शब्दाचा इतिहास सांगतो. तो शब्द म्हणजे ‘उरेब’.

आधी व्हिओनेबद्दल. जन्म १८७६ चा, घर साधं, आणि अगदी लहान वयात हातात सुई आली. लंडनमध्ये आणि पॅरिसच्या मोठ्या शिवणघरांत काम केल्यावर १९१२ मध्ये तिनं स्वतःचं घर उघडलं. पहिल्या महायुद्धात ते बंद पडलं, नंतर पुन्हा सुरू झालं. ती आधी कागदावर चित्र काढत बसायची नाही. तिच्याकडे एक छोटी लाकडी बाहुली होती, तिच्या अंगावर कापड गुंडाळून ती आकार शोधायची. तिचा एक गाजलेला पोशाख तर चक्क चार चौकोनांचा आहे. प्रत्येक चौकोन सरळ न ठेवता कोपऱ्यावर धरायचा आणि कोपऱ्यांनीच खांद्याला टांगायचा. काज, बटण, चुण्या, काही नाही. कापड आपल्या वजनानं अंगावर उतरतं आणि खाली चार टोकं लोंबतात.

हे कसं जमतं? विणलेल्या कापडात उभा धागा असतो आणि आडवा असतो. या दोन दिशांना कापड ओढलं तर फारसं ताणत नाही. पण तेच कोपऱ्यापासून कोपऱ्याकडे ओढून बघा. धाग्यांचे बारीक चौकोन तिरके होतात आणि कापड रबरासारखं लांबतं. या तिरक्या दिशेला आपला शिंपी उरेब म्हणतो. काही जण औरेब म्हणतात. गळ्याला, मुंढ्याला लावायची ती उरेब पट्टी तुम्ही सगळ्यांनी कापली असेल.

तुमच्या गावातलंच उदाहरण घ्या. गंजगोलाई डोळ्यांसमोर आणा. मधे गोल, आणि सगळीकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. आता समजा तो अखंड कापडातून कापलेला गोल घागरा आहे आणि रस्ते म्हणजे कमरेपासून खाली जाणाऱ्या रेघा. यातल्या चार रेघा सरळ धाग्यावर येतात. त्यांच्या बरोबर मधल्या चार पक्क्या उरेब. घागरा टांगला की उरेब बाजू हळूहळू खाली उतरते आणि घेर वरखाली दिसायला लागतो. चूक कात्रीची नसते, कापडाचा स्वभावच तसा.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. तुमच्या आव्हानाचं ऐकलं आणि म्हटलं, बोलायच्या आधी आपणही करून बघावं. खादीचे चार चौकोन कापले, व्हिओनेच्या पद्धतीनं जोडले आणि उत्साहात लगेच खालची दुमड घालून टाकली. सकाळी बघतो तर एक बाजू चांगली चार बोटं खाली. आमचे चुलते आता दुकानात बसत नाहीत, पण नजर तीच. बघून हसले. म्हणाले, “अरे, उरेब हाय ते. रातभर टांगून ठेवायचं, सकाळी समान करायचं, मग दुमडायचं. एवढं बी इसरलास व्हय?” व्हिओनेचं नाव त्यांनी आयुष्यात ऐकलेलं नाही.

मग त्यांना हे कुठून माहीत? चुडीदारातून.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. शेरवानीखाली चुडीदार हा तिथला मानाचा पोशाख. हैदराबादी नवरीच्या खड्या दुपट्ट्याखालीही चुडीदारच. पोटरीला घट्ट बसणारा, तरी पाऊल आत जाऊ देणारा, घोट्यावर बांगड्यांसारख्या चुण्या पडणारा हा पायजमा सरळ कापडातून होतच नाही. तो उरेबच कापावा लागतो. ‘उरेब’ हा शब्द फारसीतून आलाय. मुघल दरबारापासून दख्खनच्या दुकानांपर्यंत तो कारागिरांच्या तोंडून प्रवास करत आला.

आता नीट ऐका, माझा मुद्दा ‘हे सगळं आपल्याकडे आधीच होतं’ असा नाही. तसं म्हणून टाळ्या मिळतात, हाती काही लागत नाही. व्हिओनेनं केलं ते वेगळंच होतं. आपल्याकडे उरेब मुख्यतः पायाला, पट्टीला, गोटाला. तिनं अख्खं शरीर उरेबवर तोलून धरलं. प्रश्न असा की, कापडाचा तोच गुण दोन्हीकडे माहीत असताना एका ठिकाणी त्याचा इतिहास झाला आणि दुसऱ्या ठिकाणी नुसती सवय राहिली, असं का?

पहिलं कारण पन्हा. उरेब कापायला रुंद कापड लागतं, नाहीतर कोपरे वाया जातात. व्हिओनेची ऐपत अशी की तिनं गिरणीकडून दुप्पट पन्ह्याचं रेशमी क्रेप विणून घेतलं. आपल्या शिंप्याला असेल त्या अरुंद पन्ह्यात भागवावं लागे. त्यानं काय केलं? कापड तिरकं जोडून आधी एक थैली शिवली आणि त्या थैलीतून पाय कापले. चिंधी जवळजवळ नाहीच. चुडीदारावर जी तिरपी शिवण दिसते ना, ती या काटकसरीची खूण आहे. मला विचाराल तर ही थैली त्या चार चौकोनांइतकीच हुशारीची आहे.

दुसरं कारण नोंद. तिच्या पोशाखांची नक्कल फार व्हायची. म्हणून ती प्रत्येक पोशाखाचे फोटो काढून ठेवी आणि लेबलवर स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उमटवी. १९३९ मध्ये तिनं घर बंद केलं. १९५२ मध्ये पोशाख, नमुने, फोटोंचे अल्बम असा सगळा साठा तिनं फ्रान्समधल्या एका संस्थेला देऊन टाकला. म्हणून आज लातूरमध्ये बसून तुम्ही तिचा अभ्यास करू शकता.

अंगठ्याचा ठसा! आपल्याकडे अंगठा कोण उठवतं? ज्याला सही येत नाही तो. तिकडे तोच अंगठा ‘हे माझं आहे’ म्हणून उमटला. आमच्या इतवाऱ्यातल्या कारागिरानं हजारो चुडीदार कापले असतील, पण एकावरही त्याची खूण नाही. मापं वहीत होती, वही रद्दीत गेली.

नोंदीनं काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच भागात आहे. संत नामदेव शिंपी. हिंगोलीजवळच्या नर्सी गावाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. त्यांच्या पदांत गज, कात्री, सुई ही रूपकं येतात. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात लिहिली गेली. ज्या ग्रंथाला १७०८ मध्ये नांदेडलाच गुरूचा मान मिळाला, त्यात ती आजही रोज वाचली जातात. शब्द लिहिले गेले म्हणून सातशे वर्षं टिकले. पण त्या काळी शिंपी अंगरखा नेमका कसा बेतत होता? ते कुणी लिहिलं नाही. आज आपल्याला सांगता येत नाही.

चुलते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्या दिवशी मी त्यांना थैलीची कापणी करून दाखवायला सांगितली. हात थरथरत होते, पण जुन्या चादरीवर त्यांनी खडूनं एक रेघ मारली आणि म्हणाले, “इथून.” मी फोटो काढला. मागे त्यांचं नाव लिहिलं, तारीख लिहिली. आमच्या घरातली ही पहिली नोंद. त्यांच्या बरोबरीचे बाकीचे कारागीर गेले, त्यांचं मात्र काहीच उरलं नाही.

म्हणून एक विनंती करतो आणि थांबतो. ड्रेस व्हिओनेचाच करा, जरूर करा. पण कापायला बसायच्या आधी तुमच्या गावातल्या एका जुन्या शिंप्याकडे किंवा शिवण करणाऱ्या आजीकडे जा. उरेब कसं धरता ते विचारा. कागदावर आकृती काढा, मापं लिहा आणि खाली त्यांचं नाव लिहा, त्यांची हरकत नसेल तर. परीक्षकांपुढे ड्रेस ठेवाल तेव्हा तो कागदही शेजारी ठेवा.

आणि हो, दुमड घालायच्या आधी रात्रभर टांगा.