राज्यसभा आणि कुक्षीचे मत

कुक्षी हा धार संस्थानचा एक परगणा. 1921 साली दिल्लीत विधिसभा व कौन्सिल ऑफ स्टेट अशी दोन सभागृहे भरू लागली, ती ब्रिटिश मुलखापुरती. संस्थानी रयतेचा निवडलेला प्रतिनिधी त्यांत नसे. 1948 साली धार मध्य भारतात विलीन झाले आणि 13 मे 1952 रोजी नव्या संसदेची दोन्ही सभागृहे प्रथम भरली, तेव्हा आमच्या मुलखाला तेथे आवाज मिळाला. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे अहमदाबादचे मराठी गृहस्थ होते, याचा आम्हां बृहन्महाराष्ट्रीयांस अभिमान वाटतो, हे जाता जाता सांगावयास हरकत नाही.

लोकसभा प्रत्यक्ष मतदानाने पाच वर्षांसाठी निवडली जाते. राज्यसभेचा मार्ग मात्र विधानसभेतून जातो. ती कधीच विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षे, आणि दर दोन वर्षांनी एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात. राष्ट्रपती बारा सदस्य नियुक्त करतात, पां. वा. काणे (1953) व मामा वरेरकर (1956) अशाच रीतीने तेथे गेले. मध्य प्रदेशाच्या वाट्याला आज अकरा जागा आहेत. एकाच वेळी तीन जागा मोकळ्या झाल्या, तर 230 आमदारांपैकी 58 जणांची पहिली पसंती मिळालेला उमेदवार निश्चित निवडून येतो. त्या 230 मतांत एक मत कुक्षीच्या आमदाराचे असते. आमच्या गावाचा राज्यसभेशी संबंध एवढाच, पण तो खरा आहे.

ही दोन्ही सभागृहे पाहिलेली व्यक्ती कुक्षीने पुढे आपली आमदार म्हणून निवडली. जमुनादेवी 1952 साली मध्य भारताच्या विधानसभेत गेल्या; 1962 साली शेजारच्या झाबुआतून लोकसभेवर, तर 1978 साली राज्यसभेवर. नंतर कुक्षीच्या आमदार या नात्याने त्यांनी राज्याचे उपमुख्यमंत्रिपद व विरोधी पक्षनेतेपदही सांभाळले. 2010 साली त्या निवर्तल्या. लोक त्यांना ‘बुआजी’, म्हणजे आत्याबाई, म्हणत. आदिवासी समाजातील एका स्त्रीने दोन्ही सभागृहांत बसावे, ही गोष्ट संस्थानी काळात कोणाच्या स्वप्नातही आली नसती.

वरिष्ठ सभागृहाचे अधिकार कनिष्ठाच्या मानाने तोकडे आहेत. अर्थविधेयक त्याने चौदा दिवसांत परत करावे लागते आणि मंत्रिमंडळ केवळ लोकसभेस उत्तरदायी असते. तथापि राज्यसूचीतील विषयावर संसदेने कायदा करावा, असा ठराव उपस्थित व मतदान करणाऱ्यांच्या दोनतृतीयांश मतांनी फक्त राज्यसभाच करू शकते. राज्यांचा अधिकार ज्या सभागृहाच्या संमतीने सोडला जातो, ते राज्यांचेच असावे, हा यातील हेतू उघड आहे.

म्हणूनच 2003 सालची दुरुस्ती आम्हांस खटकते. तोपर्यंत उमेदवार त्या राज्याचा मतदार असणे आवश्यक होते; ती अट काढून त्याने देशात कोठेही मतदार असावे, एवढेच पुरेसे ठरविण्यात आले. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल वैध मानला. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य आहे; पण वैध आणि इष्ट हे दोन वेगळे शब्द आहेत. लायक माणूस कोठूनही यावा, हा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. नियुक्त बारा जागा त्यासाठीच होत्या, असे आमचे मत. नागरिकशास्त्राच्या तासाला एखादा मुलगा विचारतो, ‘गुरुजी, आपल्याकडचा राज्यसभेचा खासदार कोण?’ आम्ही अकरा नावे फळ्यावर लिहितो. मग तो विचारतो, ‘यांतले इथले किती?’