ठरवून दिलेली हार

1955 चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर 'मार्टी'ला मिळाला, हे हर्बर्ट स्टेम्पेलला पक्कं ठाऊक होतं. हा चित्रपट त्याने तीनदा पाहिला होता. तरीही 5 डिसेंबर 1956 च्या रात्री एनबीसी वाहिनीच्या 'ट्वेन्टी-वन' या प्रश्नमंजूषेत, बंद काचकक्षात उभं राहून त्याने उत्तर दिलं: 'ऑन द वॉटरफ्रंट'.

निर्माता डॅन एनराइटचा तसा हुकूम होता. आधीचे डाव 21-21 असे बरोबरीत सुटले, ती चुरससुद्धा आखलेली. केस कसे कापायचे, घाम कसा टिपायचा, हेही स्टेम्पेलला शिकवलेलं होतं. जिंकायचं होतं कोलंबिया विद्यापीठातल्या देखण्या चार्ल्स व्हॅन डोरेनने. पुढे 'टाइम'च्या मुखपृष्ठावर झळकला तोही व्हॅन डोरेनच.

स्टेम्पेल वर्तमानपत्रांकडे गेला, पण पुरावा नसल्याने छापायला कोणी धजेना. 1958 मध्ये 'डॉटो' या दुसऱ्या कार्यक्रमातली लबाडी उघडकीस आली, तेव्हा कुठे त्याचं म्हणणं लोकांनी ऐकलं. 2 नोव्हेंबर 1959 रोजी व्हॅन डोरेनने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे उत्तरं आधीच पुरवली जात असल्याची कबुली दिली आणि 1960 साली असे निकाल आधी ठरवणं कायद्याने गुन्हा ठरलं. स्टेम्पेल खरा ठरला, पण 'मार्टी'चं शल्य गेलं नाही. म्हातारपणीही मुलाखतींत तो त्याबद्दल बोलत असे.

या प्रकरणानंतर स्पर्धकांना उत्तरं पुरवणं बदनाम झालं. त्यावर जुलॅन ग्रिफिन यांनी कार्यक्रम-निर्माते असलेले पती मर्व्ह यांना सुचवलं, मग उत्तरंच उघड द्या आणि प्रश्न त्यांना ओळखू द्या! त्यातून 1964 मध्ये 'जेपर्डी' ही प्रश्नमंजूषा सुरू झाली.

तिथे केन जेनिंग्जने सलग 74 डाव जिंकले. 30 नोव्हेंबर 2004 रोजी दाखवलेल्या डावात शेवटच्या प्रश्नाआधी त्याच्याकडे 14,400 डॉलर होते, नॅन्सी झर्गकडे 10,000. जिच्या सत्तर हजार हंगामी कर्मचाऱ्यांपैकी बहुतेक वर्षातले चारच महिने कामावर असतात, ती कंपनी कोणती? झर्गने करविवरणपत्रं भरून देणारी 'एच अँड आर ब्लॉक' ओळखली आणि 14,401 वर पोहोचली, जेनिंग्जच्या आधीच्या रकमेपेक्षा नेमका एक डॉलर जास्त. त्याने लिहिलं 'फेडएक्स'. उत्तर बरोबर येतं तर तो 20,001 वर जाऊन जिंकला असता.

अशी हार कोणालाही झोंबते. तरी ती जेनिंग्जची स्वतःची होती. उत्तर त्याला आलं नाही, इतकंच. म्हणून ती मागे टाकणं त्याला शक्य झालं. स्टेम्पेलला उत्तर येत होतं, आणि खरोखर हरण्याचा हक्कही त्याला मिळाला नाही. या खेळाच्या इतिहासात याहून मोठा अन्याय नसेल.

जेनिंग्जने पुढे प्रश्नमंजूषांच्या जगावर पुस्तक लिहिलं. 2005 मध्ये तो स्पर्धक ब्रॅड रटरकडून हरला, 2011 मध्ये आयबीएमच्या वॉटसन यंत्राकडून. 2020 च्या महाविजेत्यांच्या लढतीत मात्र पहिला आला. 'जेपर्डी'चे सूत्रसंचालक अ‍ॅलेक्स ट्रेबेक त्याच वर्षी गेले. त्यानंतर त्यांची जागा घेणाऱ्यांत जेनिंग्ज होता.