आठ दिवसांनी म्हणजे नक्की कधी?

लिनक्समध्ये ‘ॲट’ नावाची एक जुनी कमांड आहे. अमुक वेळेला अमुक काम कर, असं तिला सांगून ठेवता येतं. वेळ आकड्यांतच सांगायला हवी असं नाही. मध्यरात्र आणि भरदुपारचे बारा यांचे इंग्रजी शब्द तिला कळतात आणि ‘टीटाइम’ही कळतो. टीटाइम म्हणजे दुपारचे चार. कुणीतरी एकदा ठरवलं आणि ते जगभरच्या मशीन्समध्ये जाऊन बसलं.

आता एआय एजंटांसाठी अशी टूल्स आली आहेत की आपण ‘पुढच्या मंगळवारी संध्याकाळी’ म्हणायचं आणि टूलने त्याची नेमकी तारीख-वेळ काढून एजंटच्या हाती द्यायची. हे नवं वाटतं, पण या धंद्याला चाळीस वर्षं होऊन गेली. आणि त्याच्या इतिहासात पावलोपावली हेच दिसतं: कुणीतरी आपल्या घरच्या चहाची वेळ सगळ्यांच्या चहाची करून टाकलेली.

स्टीव्हन बेलोविन हे युझनेट सुरू करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एक. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात असताना त्यांनी माणसाच्या भाषेतली तारीख वाचणारा प्रोग्राम लिहिला. ऑगस्ट १९९० मध्ये रिच साल्झ आणि जिम बेरेट्स यांनी तो जवळजवळ नव्याने घडवला. त्याचा वंशज आजही लिनक्सच्या ‘डेट’ कमांडमध्ये नांदतो आहे. त्याचं मॅन्युअल मी कादंबरीसारखं वाचलंय. त्यात ‘फर्स्ट’ चालतो, ‘थर्ड’ चालतो, पार ‘ट्वेल्फ्थ’पर्यंत चालतं, फक्त ‘सेकंड’ चालत नाही, कारण तो शब्द घड्याळातल्या सेकंदाने आधीच पटकावलाय. ३१ जुलैवरून एक महिना मागे जा म्हटलं की उत्तर येतं १ जुलै, कारण ३१ जून अस्तित्वातच नाही. मॅन्युअल हे लपवत नाही. महिने मोजायचे तर १५ तारखेपासून मोजा, असं ते प्रामाणिकपणे सांगतं. पण रविवारी त्याला ‘नेक्स्ट मंडे’ विचारा, ते उद्याची तारीख देईल. आपल्यात रविवारी कुणी ‘पुढच्या सोमवारी येतो’ म्हणालं तर आपण उद्या दार उघडून बसू का?

२००२ च्या सुमारास जेम्स पुस्टेयोव्स्की आणि सहकाऱ्यांनी ‘टाइमएमएल’ ही खुणांची भाषा बांधली. बातम्यांमधले काळाचे उल्लेख संगणकाला वाचता यावेत, हा हेतू. तिच्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ यांना स्वतःच्या खुणा आहेत. सकाळ म्हणजे किती वाजता, हे सांगायची सक्ती नाही. ‘पूर्वी कधीतरी’ यालाही एक खूण आहे. मला या सगळ्या इतिहासात हीच माणसं सर्वांत शहाणी वाटतात. पण त्यांना फक्त वाचायचं होतं. एजंटला तिकीट काढायचं असतं, पैसे पाठवायचे असतात. संध्याकाळ संदिग्ध ठेवून त्याचं भागत नाही. त्यात त्याच्या आतल्या भाषा-मॉडेलला स्वतःचं ‘आज’ नसतं. आजची तारीख त्याला बाहेरून सांगावी लागते, मग ‘उद्या’ काढता येतो.

आणि मग मराठी. हिंदीतला ‘कल’ दोन्हीकडे जातो म्हणून आपण हसतो, पण आपला ‘परवा’ काय करतो? परवा आला, परवा येईन; दिशा क्रियापदाने ठरते. एजंटला नुसतं ‘परवाचं बिल’ म्हटलं, तर क्रियापदच नाही. हे निदान दिसतं तरी. न दिसणारी अडचण आकड्यांची आहे. डॉक्टर सोमवारी म्हणतात, ‘आठ दिवसांनी दाखवायला या.’ माझी आई पुढच्या सोमवारी जाते, कारण आपण आजचा दिवसही धरतो. आठवडा हा शब्द आठवरूनच आलाय आणि त्यात दिवस सात. टूल इमानदारीत आठ मिळवेल आणि मंगळवारची आठवण लावेल. मंगळवारी डॉक्टर बसत नसतील तर आई बंद दारापाशी उभी राहील, औषध संपलेलं असेल. पंधरा दिवसांचंही तेच. बेलोविन यांच्या वारसदार प्रोग्रामला इंग्रजी ‘फोर्टनाइट’ माहीत आहे आणि तो चौदा दिवस मोजतो. आपले पंधरा दिवस बहुतेक वेळा तेच चौदा असतात, पण शब्दात पंधरा आहे.

म्हणून टूलने हिशोब गुपचूप करू नये. ‘सोमवार, १२ तारीख, बरोबर ना?’ एवढं विचारलं की झालं. विचारलं की लोक चिडतात, असं बनवणाऱ्यांना वाटतं. मला नाही वाटत. कारण नुसतं ‘दहा वाजता’ हेही पुरेसं नसलेलं शहर आपलंच होतं. १ जानेवारी १९०६ ला सरकारने भारतीय प्रमाणवेळ आणली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे. त्या महिन्यात गिरणी कामगारांनी विरोध केला, फिरोजशहा मेहता विरोधात उभे राहिले, आणि महापालिकेने आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नाही. जवळजवळ पन्नास वर्षं एकाच गावात दोन वेळा होत्या.

आज फोन आणि सर्व्हर ज्या टाइमझोन डेटाबेसवर चालतात, त्याच्या मुख्य यादीत भारतासाठी एकच नाव आहे, ‘एशिया/कोलकाता’. १९७० नंतर ज्यांची घड्याळं सारखी चालली त्यांना वेगळी जागा द्यायची नाही, असा तिथला नियम. त्यामुळे पणजोबांच्या पत्रातलं ‘सकाळी दहाला पालिकेच्या कचेरीत’ एजंटला वाचायला दिलं, तर तो दहाच वाजवेल, कोलकात्याच्या खात्यावर.