बर्नआउट, स्वयंचलित गिअरच्या वाहनातील
बर्नआउट : वाहन जागेवर रोखून, इंजिनची शक्ती मिळणारी चाके जमिनीवर वेगाने घसरवत फिरवण्याची क्रिया. स्वयंचलित गिअरच्या वाहनात क्लचचे पेडल नसते. क्लचचे काम अशा अनेक वाहनांत टॉर्क कन्व्हर्टर करतो, म्हणजे इंजिनने फिरणारे एक पंखाचक्र तेलाचा झोत दुसऱ्या चक्रावर फेकते आणि ते चक्र पुढे गिअरपेटी फिरवते. ब्रेक दाबून इंजिनचा वेग वाढवल्यास दुसरे चक्र थांबलेले राहते, पिळबल (टॉर्क) वाढते, परंतु जवळजवळ सर्व शक्ती उष्णतेत जाऊन तेल लवकर तापते. चाके घसरून फिरू लागताच टायरचे रबर घर्षणाने तापून धूर निघतो, तर ब्रेकही झिजतात.

चाके अशी नकळतही घसरू शकतात. उदाहरणार्थ, गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरावरून लोहखनिज ट्रकांनी वाहून नेले जाते. अशा वाहतुकीच्या रस्त्यांवर पावसाळ्यातील चिखलात घर्षण घटल्याने, चालकाच्या मनाविरुद्ध, चाके घसरू शकतात व चाक जागीच फिरून खड्डा खोल करते. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून चाकाखाली खडी घालणे हिताचे असते. सार्वजनिक रस्त्यावर हौसेने केलेला बर्नआउट इतरांच्या जिवाला धोका ठरतो आणि मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 184 खाली धोकादायक वाहनचालनाबद्दल कारवाईस पात्र ठरू शकतो.