माशांवरील ताणाच्या अभ्यासाचा इतिहास : शारीरिक आघातापासून सामाजिक ताणापर्यंत

मॅक्गिल विद्यापीठातील हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, शस्त्रक्रिया, अतिश्रम किंवा विषारी द्रव्य यांपैकी कशाचाही उपद्रव झाला, तरी उंदरांचे शरीर साधारणतः एकाच पद्धतीने प्रतिसाद देते, असे प्रतिपादन त्यात होते. पुढे या प्रतिसादाला त्यांनी पदार्थविज्ञानातील संज्ञा दिली. मराठी परिभाषेत तेथे ‘प्रतिबल’ आणि ‘विकृती’ असा स्पष्ट भेद आहे; जीवविज्ञानात मात्र कारण आणि परिणाम या दोहोंसाठी ‘ताण’ हा एकच शब्द रूढ झाला. या संदिग्धतेचा त्रास मत्स्यविज्ञानालाही झाला.

माशांच्या बाबतीत हा प्रश्न प्रथम व्यावहारिक गरजेतून पुढे आला. जाळ्यात धडपडलेले अथवा हाताळलेले मासे पाण्यात परत सोडल्यावरही काही तासांनी मरत. कॅनडातील एडगर ब्लॅक यांनी १९५८ मध्ये अतिश्रम हेच मृत्यूचे कारण ठरू शकते असे मांडून रक्तात साठणाऱ्या लॅक्टिक आम्लाकडे लक्ष वेधले. मात्र १९८३ मध्ये वुड, टर्नर व ग्रॅहम यांनी मूळ दोष रक्तात नसून स्नायुपेशींच्या अंतर्गत आम्लतेत असावा, असे सुचविले.

अस्थिमत्स्यांमध्ये सस्तन प्राण्यांप्रमाणे स्वतंत्र अधिवृक्क ग्रंथी नसते. अॅड्रेनलीन स्रवणाऱ्या क्रोमॅफिन पेशी व कॉर्टिसॉल स्रवणाऱ्या आंतरवृक्क पेशी अग्रवृक्कात विखुरलेल्या असतात. अॅड्रेनलीनमुळे कल्ल्यांतील रक्तप्रवाह वाढतो व अधिक प्राणवायू मिळतो; परंतु त्याच मार्गाने गोड्या पाण्यातील माशाच्या शरीरातील क्षार बाहेर जातात आणि पाणी आत शिरते. मासे वाहून नेताना पाण्यात थोडे मीठ टाकण्याच्या प्रथेमागे हेच कारण आहे. मॅझो, मॅझो व डोनाल्डसन यांनी १९७७ मध्ये संप्रेरकांच्या स्रावाला प्राथमिक आणि त्यातून उद्भवणाऱ्या अशा बदलांना द्वितीयक परिणाम म्हटले.

या संशोधनात एक मूलभूत अडचण होती. रक्ताचा नमुना घेण्यासाठी मासा पकडावा लागतो, आणि पकडणे हाच एक तीव्र ताण आहे. कॉर्टिसॉल वाढण्यास काही मिनिटे लागतात. अॅड्रेनलीन मात्र काही सेकंदांतच वाढते. त्यामुळे अॅड्रेनलीनची ‘सामान्य’ म्हणून नोंदविलेली अनेक जुनी मूल्ये वस्तुतः भेदरलेल्या माशांची होती, असेच म्हणावे लागते. स्मिथ व बेल यांनी १९६४ मध्ये मुक्तपणे पोहणाऱ्या साल्मन माशाच्या रक्तवाहिनीत बसविलेल्या नळीतून नमुने घेण्याची पद्धत वर्णिली. या इतिहासात तिचे महत्त्व कोणत्याही सिद्धान्ताहून कमी नाही.

जाळे, हात, वाहतूक यांपैकी काहीही नसताना मासा ताणग्रस्त होतो काय? नोक्स व लेदरलँड यांनी १९७७ मध्ये रेनबो ट्राउटचे सामाजिक स्थान आणि आंतरवृक्क पेशींची क्रियाशीलता यांतील संबंध तपासला. एजिके व श्रेक यांना १९८० मध्ये कोहो साल्मनच्या दुय्यम माशांत कॉर्टिसॉल अधिक आढळले. टाकीत दबून राहणारा मासा काळवंडतो, कमी खातो, त्याची वाढ खुंटते. आणि पकडण्याचा ताण जसा काही काळाने ओसरतो तसा हा ओसरत नाही, कारण वरचढ मासा तेथेच असतो. पिकरिंग यांनी १९८१ साली संपादित केलेल्या ‘स्ट्रेस अँड फिश’ या ग्रंथात श्रेक यांनी भौतिक व सामाजिक घटकांचा एकत्रित विचार केला.

येथवर दुय्यम स्थान हे कारण आणि कॉर्टिसॉल हा परिणाम, असे गृहीत होते. इंग्लंडमधील पॉटिंजर व कॅरिक यांनी निवडपैदाशीने ट्राउटचे दोन वंश तयार केले. एकाचा कॉर्टिसॉल प्रतिसाद तीव्र, दुसऱ्याचा मंद. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात समान आकाराच्या जोड्या एकत्र ठेवल्या असता बहुतांश वेळा मंद प्रतिसादाचा मासा वरचढ ठरला. म्हणजे मासा हरल्यामुळे ताणग्रस्त होतो, की ताणाला तीव्र प्रतिसाद देणारा असल्यामुळे हरतो, हा प्रश्न नव्याने उभा राहिला.